उतराईची राई

बालाघाटाच्या रांगेत कौठझरी नावाचं एक गाव आहे आणि गावाच्या पाठीशी एक डोंगर. चैत्र लागला की त्या भागातले सगळे डोंगर तांबूस-करडे पडतात, गवत जळून जातं, खडक उघडे होतात. हा एकच डोंगर हिरवा राहतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, दुसऱ्या कुठल्या मुलखातला डोंगर उचलून कुणीतरी इथे आणून ठेवला असावा. जवळ गेलं की नवल आणखी वाढतं. इथे कोकणातला फणस आहे, सातपुड्यातला मोह आहे, वऱ्हाडाकडची चारोळी आहे, कानडी मुलखातलं चंदन आहे, नदीकाठी वाढणारी वाळुंजही आहे. एकमेकांची तोंडंही कधी पाहिली नसती अशी झाडं खांद्याला खांदा लावून उभी आहेत.

फाटकावरच्या फलकावर ‘सार्वजनिक वृक्षवन, कौठझरी’ असं लिहिलेलं आहे. गावात ते नाव कुणाच्या तोंडी नाही. गाव म्हणतं, उतराई. ‘कुठं निघालास?’ ‘उतराईत.’ बस्स.

उतराईची निगा राखणारे हरिबानाना आता बरेच म्हातारे झालेत, पण सकाळी रोपवाटिकेत त्यांची फेरी चुकत नाही. पिशव्यांत माती-शेणखत भरणं, पोत्यावर बी वाळत घालणं, नव्या झाडांची आळी नीट आहेत का पाहणं, शाळेच्या सहली आल्या की पोरांना फांद्यांना लोंबकळू न देणं, असं सगळं ते अजून करतात. कुणी पाहुणे आले की त्यांना डोंगरावरच्या सगळ्यात जुन्या मोहाखाली बसवतात. पाहुणे हमखास एकच गोष्ट विचारतात. प्रत्येक झाडाला पाटी आहे, पाटीवर झाडाचं नाव आहे, ते समजलं. पण त्याखाली एखाद्या गावाचं आणि माणसाचं नाव कशासाठी?

मग नाना टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात आणि सांगायला लागतात.

फार जुनी गोष्ट आहे. सनावळी कुणाला ठाऊक नाही. तेव्हा या डोंगराला बोडखा म्हणत. त्याच्यावर झाड म्हणून नव्हतं. जी होती ती पिढ्यान् पिढ्या तुटत गेली होती, कधी घरांच्या आढ्यांसाठी, कधी चुलीसाठी, कधी कुंभाराच्या मडकी भाजायच्या आव्यासाठी. डोंगराच्या पायथ्याला एक झरा होता आणि झऱ्यावर एक कवठ. त्या दोघांवरूनच गावाला नाव पडलं.

गावात सटवा कुंभार आणि त्याची बायको भिवरा राहत. चाकावर सटवा बसायचा. माती आणायची, चाळायची, मळायची आणि आवा रचायचा, ते काम भिवराचं. त्यांना ठकू नावाची एक लेक होती, नुकती दुडूदुडू चालायला लागलेली. भिवरा मोठी कष्टाळू होती असं सांगतात, पण बोलायला जरा फटकळ. मडकं टिचकी मारून बघणाऱ्या बाईला ती म्हणायची, “वाजवून काय बघतेस, नांदवून बघ.”

मग पाऊस रुसला. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसऱ्या वर्षी पेरलेलं बीसुद्धा मातीत भाजून निघालं. जनावरं सोडून दिली गेली. झऱ्याची धार करंगळीएवढी झाली. तेव्हा गावचे हैबती पाटील यांनी सगळ्यांना झऱ्यावर बोलावलं आणि सांगितलं, आता गाव सोडल्यावाचून गती नाही. ज्याला जिकडं जमेल तिकडं त्यानं जावं. पाऊस पडल्याचं कानी आलं की परत यावं.

हैबती पाटलांची आई आवडाई. तिचे पाय गेलेले होते. लेक तिला डोलीतून न्यायला तयार होता, पण ती कवठाखाली बसून राहिली आणि हलेना. “मला वाहायला दोन माणसं लागतील, ती दोन माणसं वाटेतच मरतील,” ती म्हणाली. “मी झरा राखते. त्यात माती पडू देत नाही. तुमचं काय ते तुम्ही बघा.”

निघायच्या दिवशी तिनं एकेकाला जवळ बोलावलं आणि झऱ्याचं पाणी ओंजळीत दिलं. देताना प्रत्येकाला तेच सांगितलं.

“जा. जगा. पण एकट्याच्या बळावर कुणी जगत नसतं. तिकडं कुणीतरी तुम्हाला जगवील. कोण ते ध्यानात ठेवा. परत याल तेव्हा त्याची खूण घेऊन या.”

“खूण म्हणजे काय आवडाई?” भिवरानं विचारलं.

“ते मला काय ठाऊक? तुझं तुला कळंल.”

ते पाणी पिऊन गाव उठलं. कुणी घाट उतरून कोकणाकडे गेलं, कुणी गोदाकाठी, कुणी कानडी मुलखात. सटवा आणि भिवरा वऱ्हाडाच्या दिशेनं चालू लागले. तिकडं नद्यांना पाणी आहे असं कुणीतरी म्हणालं होतं.

पाणी नव्हतं. वाटेतली गावंही तशीच होती, दारं लावलेली आणि ओस. बरोबर घेतलेल्या कण्या संपल्या. मग सटवा झाडांचे डिंक आणि रानातले कंद शोधू लागला. जे मिळेल ते आधी ठकूला, उरलं तर दोघांना. मुक्कामामागून मुक्काम पडत होते. ठकू आधी रडायची, मग कुरकुरायची, नंतर तिनं कुरकुरणंही सोडलं. बापाच्या खांद्यावर ती ओल्या फडक्यासारखी पडून असायची. भिवरा चालता चालता तिच्या नाकाशी बोट धरून बघायची आणि परत चालू लागायची.

सातपुड्याच्या पायथ्याशी पोहोचले तेव्हा फाल्गुन सरत आला होता. पुढे रान दाट होत गेलं होतं. पहाटे, उजाडता उजाडता, सटवाचे पाय अडखळले आणि तो एका मोठ्या झाडाखाली बसला. भिवरानं ठकूला मांडीवर घेतलं. तिला वाटलं, आता इथून उठायचं नाही. इतकंच चालायचं आपल्या नशिबी होतं.

आणि तिच्या पदरावर काहीतरी टपकलं. मग खांद्यावर. मग भोवताली सगळीकडे, टप् टप् टप्. पिवळट पांढरी, रसानं फुगलेली फुलं वरून गळत होती. वास असा गोड की रिकाम्या पोटात कळ यावी. तो मोह होता. कौठझरीच्या माणसांनी तो कधी बघितलेला नव्हता. खायचं की नाही हे भिवराला कळेना, पण हात पुढे गेला.

तेवढ्यात टोपली घेऊन एक बाई झाडाखाली आली. ती कोरकू आदिवासींची वस्ती होती. बाईचं नाव सुमरी. तिकडे कुठला मोह कुठल्या घरानं वेचायचा हे ठरलेलं असतं आणि हा मोह सुमरीच्या घरचा होता. वर्षाचं धान्य त्यांच्याकडे थोडंच पिकायचं. उन्हाळ्यात घर तगायचं ते या फुलांवर. भिवराला ते काही ठाऊक नव्हतं, पण आपण दुसऱ्याच्या कणगीत हात घातला आहे एवढं तिला त्या बाईच्या चेहऱ्यावरून कळलं. तिनं उचललेली फुलं खाली ठेवली.

सुमरीनं तिच्याकडे बघितलं. मग मांडीवरच्या ठकूकडे बघितलं. ती खाली वाकली, पोरीच्या कपाळाला हात लावला आणि वस्तीकडे पळत गेली. परतली ती फुलं उकडून केलेलं कोमट पातळ घेऊन. भिवरा लेकीला पाजायला गेली, पण पातळ सांडू लागलं. सुमरीनंच ठकूला आपल्या मांडीवर घेतलं आणि बोट बुडवून एकेक थेंब ओठांवर लावत राहिली. ऊन डोक्यावर आलं तरी ती उठली नाही. त्या दिवशीची तिच्या वाटणीची फुलं तशीच पडून राहिली आणि सुकली.

दुसऱ्या दिवशी ठकूनं डोळे उघडले. तिसऱ्या प्रहरी तिनं सुमरीचं बोट चावलं. सुमरी खदखदून हसली. भिवरा मात्र तोंडात पदर कोंबून रडली.

मग सुमरीनं एक काठी घेतली आणि झाडाच्या सावलीच्या मधोमध मातीत रेघ ओढली. एका बाजूकडे दाखवून आपल्या छातीवर हात ठेवला. दुसऱ्या बाजूकडे दाखवून भिवराच्या.

सटवाला ते पटेना. “अगं, तिच्या घरात खाणारी तोंडं बघितलीस का?” तो भिवराला म्हणाला. “आपण त्यांच्या तोंडचा घास घेतोय.”

“घेतोय खरं,” भिवरा म्हणाली. “म्हणून तर विसरायचा नाही.”

त्या रेघेच्या अलीकडची फुलं वेचून ते तिघं जगले. भिवरानं ओढ्याकाठची माती हुडकून काढली. चाक नव्हतं, म्हणून हातानं थापून तिनं वस्तीला रांजण आणि मडकी करून दिली. सटवा लाकडं फोडायचा. भाषा एकमेकींची कळत नव्हती, तरी दोघी बायका तासन् तास बोलत बसायच्या असं सांगतात. ही आपल्या बोलीत, ती तिच्या.

आषाढात पाऊस पडला आणि बालाघाटातही पडल्याची वार्ता आली. निघायची वेळ झाली तेव्हा भिवराला आवडाईचे शब्द आठवले. तिनं खुणांनी सुमरीला विचारलं, तुझी काहीतरी खूण दे. सुमरीला अर्थ कळला, पण देणार काय? घरात देण्यासारखं होतं काय? ती इकडेतिकडे बघत राहिली. मग झाडाखाली गेली. मोहाची फळं तेव्हा नुकती पिकून पडू लागली होती. तिनं काही बिया निवडल्या आणि भिवराच्याच हातच्या एका लहान मडक्यात, त्याच झाडाखालच्या मातीत लावल्या. हाताची खूण करून तिला थांबायला सांगितलं. मोहाचं बी वाळलं की मरतं, ते बांधून नेता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. कोंब वर आले तेव्हाच तिनं त्यांना जाऊ दिलं.

असं ते कौठझरीला परत निघाले. ठकू बापाच्या खांद्यावर आणि मडकं भिवराच्या डोक्यावर. वाटेत ऊन लागलं की भिवरा आपला पदर मडक्यावर धरायची आणि स्वतःचं डोकं उघडं पडायचं. सटवा चेष्टा करायचा, “एक लेकरू मी घेतलंय, एक तू.” तीही हसायची. जाताना ज्या वाटेवर हसण्याचं बळ नव्हतं, तीच ही वाट होती.

गाव हळूहळू भरत होतं. सगळे आले नाहीत. काही घरांची दारं पुन्हा उघडलीच नाहीत. पण आवडाई होती. कवठाची फळं आणि झऱ्याचं पाणी, एवढ्यावर ती तगली होती. नुसती हाडं उरली होती, पण झऱ्यात मातीचं ढेकूळ पडू दिलं नव्हतं. येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारायची, “खूण आणलीस?”

कुणी बाभळीच्या शेंगा आणल्या होत्या, कुणी चिंचोके, कुणी चारोळीचं बी. दुष्काळात माणसाला दुसरं देणार कोण आणि काय? ज्याच्या त्याच्या हातात जगवणाऱ्याच्या दारातलं झाडच आलं होतं. भिवरानं मडकं पुढे ठेवलं तेव्हा आवडाईनं त्या कोवळ्या पानांवरून बोट फिरवलं. “नाव काय तिचं?” तिनं विचारलं.

“सुमरी.”

“सुमरी,” म्हातारी पुटपुटली आणि झऱ्याचं पाणी मडक्यात शिंपडलं.

सर्वांत शेवटी हैबती पाटील आले, बायकोमुलांसह. आई जिवंत बघून ते तिच्या पायांवर कोसळले. आईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग विचारलं, “हैबती, खूण?”

पाटील उठून उभे राहिले. गाव भोवती होतं. “आम्हाला कुणी जगवलं नाही,” ते म्हणाले. “आम्ही आमच्या हिमतीवर जगलो.”

त्यांची बायको खाली बघत राहिली.

भाद्रपदात लोकांनी आपापली रोपं बोडख्यावर लावली. शेतं पिकासाठी हवी होती, डोंगर कुणाचाच नव्हता, म्हणून तो सगळ्यांचा. भिवराचा मोह या इथे लागला. पावसाच्या ओलीवर रोपांनी चार पानं धरली. पण फाल्गुन आला, डोंगर तापला आणि झरा पुन्हा बारीक झाला. मागच्या वर्षांची धडकी लोकांच्या मनातून गेली नव्हती. पाटलांनी दवंडी पिटवली. झऱ्याचं पाणी माणसांना आणि जनावरांना, तेही वाटणीनं. झाडांना थेंब नाही.

हुकूम चुकीचा होता असं कुणाला म्हणवेना. एकेक रोप माना टाकू लागलं.

त्याच दिवसांत भिवराचा आवा बिघडला. सरपण कुठलं मिळणार? काटक्याकुटक्यांवर मडकी अर्धवट भाजली गेली. पाणी भरलं की बाहेरून घाम फुटायचा, रात्रीतून मडकं अर्धं व्हायचं. बायका परत आणून द्यायला लागल्या. सटवा वैतागून म्हणाला, “फोडून टाक सगळी.”

भिवरानं एक उचललं. फोडायला म्हणून उचललं आणि हातात धरून बसली. बाहेरच्या अंगाला बोट लावलं. बोट ओलं झालं. ती तशीच उठली, डोंगरावर गेली, मोहाच्या रोपाशेजारी खड्डा केला आणि मडकं गळ्यापर्यंत पुरलं. आपल्या वाटणीचं पाणी त्यात ओतून वर खापरीचं झाकण ठेवलं. वरून ओतलेलं पाणी उन्हानं उडून जायचं. हे पाणी मात्र मातीच्या आतून, मुळाच्या शेजारून पाझरत राहिलं. मोहानं मान वर केली.

हे पाटलांच्या कानावर गेलं. ते भर दुपारी डोंगर चढून आले. भिवरा मडक्यात पाणी ओतत होती.

“पाण्याला बंदी हाय, ठाऊक नाही?”

“ठाऊक हाय, पाटील. हे माझ्या वाटणीचं हाय. मी कमी पिते.”

“एका झाडापायी?”

“झाडापायी नाही, सुमरीपायी.” आणि तिनं सगळं सांगितलं. टपकणारी फुलं, बोटावरचे थेंब, सावलीत ओढलेली रेघ.

पाटील ऐकत होते. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, “लाज नाही वाटली तुला? दुसऱ्याच्या दारात पसरायला?”

“वाटली की,” भिवरा म्हणाली. “पहिल्या दिवशी लई वाटली. दुसऱ्या दिवशी लेकीनं डोळे उघडले. मग कुठली लाज, पाटील? मग नुसतं वाटलं, ह्या बाईला मी कुठं ठेवू? डोक्यावर ठेवू का काळजात ठेवू? ते झाड हाय म्हणून बरं. तिला ठेवायला मला जागा मिळाली.”

पाटील तिथेच मातीत बसले. भिवरानं मडक्यावर झाकण ठेवलं आणि ती खाली निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पाटील गावात नव्हते. कुठे गेले ते बायकोलाही सांगितलं नव्हतं. लोक घाबरले, तर्ककुतर्क झाले. आवडाई मात्र शांत होती. “येईल,” म्हणाली. “विसरलेलं काही आणायला गेलाय.”

इकडे डोंगरावर ज्यांची रोपं अजून जीव धरून होती ते सगळे भिवराच्या दारात आले. तिनं फोडायची राहिलेली मडकी वाटून टाकली आणि सटवा मुद्दाम कच्ची मडकी करू लागला. आयुष्यभर पक्क्या भाजणीवर नाव कमावलेला माणूस आता पाझरणारं मडकं चांगलं साधलं की खूश व्हायचा. घरोघरी लोक एखादा घोट कमी पिऊन ते पाणी डोंगरावर नेऊ लागले. वाटणीबाहेरचं पाणी कुणी घेतलं नाही. कुणी कुणाला अडवलंही नाही.

आषाढ लागला तेव्हा हैबती पाटील परतले. पायांत वहाण नव्हती, ती घाटात तुटली होती. काखेत पानांच्या द्रोणात फणसाचं रोप होतं, मुळाशी तांबडी माती. ते सरळ झऱ्यावर गेले, आईसमोर रोप ठेवलं आणि मोठ्यानं, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले,

“कासारघाटीची द्रौपदी घाडीण. तिनं आम्हाला पडवीत ठेवलं. घरात तांदूळ नव्हता तर फणसाच्या आठळ्या उकडून घातल्या. आधी माझ्या लेकरांना, मग तिच्या. मी पाटील म्हणून मला उंच पाटावर बसवायची आणि स्वतः उपाशी झोपायची.” ते आईकडे वळले. “आई, मी तिचं नाव घेतलं नव्हतं. आता घेतलंय.”

पाटील कोकणात परत गेले तेव्हा द्रौपदी त्यांना काय म्हणाली, तेही लोक सांगतात. तिनं त्यांना ओळखलं, पाणी दिलं आणि म्हणाली, “रोप न्यायला इतक्या लांब आलात? मला वाटलं, लेकरं कशी आहेत ते सांगायला आलात.” मग पाटील अंगणात बसून लेकरांचंच सांगत राहिले.

झऱ्याच्या खालच्या अंगाला, जिथे ओल जास्त, तिथे फणस लागला. पहिलं पाणी आवडाईनं घातलं. दोघांनी तिला धरून नेलं होतं. ती फणसाजवळ वाकली आणि त्या रोपाशी बोलली, म्हणे. जिला तिनं कधी बघितलं नव्हतं त्या बाईला ती म्हणाली, “माझं लेकरू सांभाळलंस, बाई. सुखी राहा.” त्याच पावसाळ्यात ती गेली. अगदी निवांत गेली, असं सांगतात.

त्यानंतर डोंगरावर रोप लावताना जगवणाऱ्याचं नाव मोठ्यानं घ्यायची रीत पडली. जे गावी परतलेच नाहीत, त्यांच्या नावानं शेजाऱ्यांनी झाडं लावली. कुठे कुणी त्यांना शेवटचं पाणी पाजलं असेल, त्या अनोळखी माणसासाठी. वर्षं गेली. झाडांखाली माती धरली गेली, पाऊस डोंगरात मुरू लागला आणि झरा वैशाखातही खळखळू लागला. बोडखा हे नाव लहान पोरांना माहीतसुद्धा नव्हतं.

मोह मोठा झाला. एका चैत्रात पहाटे ठकू धावत आली. तिचं तोवर लग्न झालं होतं आणि ती माहेरपणाला आली होती. “आई, झाड टपकायलंय!” भिवरा गेली. खाली बसली. फुलं तिच्या पिकलेल्या केसांवर पडत राहिली आणि तिनं ती झटकली नाहीत.

तिनं ती फुलं वाळवली, एका पक्क्या मडक्यात भरली आणि लेकीला घेऊन सातपुड्याची वाट धरली. सटवा तेव्हा उरला नव्हता. सुमरी होती. डोळ्यांना कमी दिसत होतं, पण आवाजावरून तिनं ओळखलं. मग ठकूचं बोट हातात घेतलं आणि हळूच चावलं. तिघी इतक्या हसल्या की वस्ती गोळा झाली. भिवरानं फुलं पुढे केली. सुमरीनं एक तोंडात टाकलं, डोळे मिटून चघळलं आणि काहीतरी म्हणाली. तिच्या नातवाला थोडी मराठी येत होती, त्यानं सांगितलं, “आजी म्हणते, गोड हाय. पण आमच्याएवढं नाही.”

भिवरा मरेपर्यंत हे सगळ्यांना हसत हसत सांगायची.

नाना एवढं सांगून थांबतात आणि टोपी पुन्हा डोक्यावर चढवतात.

आजही उतराईत झाड लावायला कुणालाही मोकळीक आहे. गावातलाच हवा असं नाही. कुणी बाळंतपणात रात्रभर उशाशी बसलेल्या परिचारिकेच्या गावाहून कडुनिंब आणतं, कुणी अपघातात रस्त्यावरून उचलून नेणाऱ्या राजस्थानी ट्रकवाल्याच्या मुलखातली खेजडी आणतं. कुणी शाळेत डबा वाटून खाणाऱ्या मैत्रिणीच्या दारातली बकुळ आणतं. रोप आणि खड्डा वृक्षवन देतं किंवा रोप तुमचं तुम्ही आणायचं. पुढची निगा गाव करतं. लावणाऱ्यानं फक्त एक करायचं. मातीला हात लावायच्या आधी, ज्यानं जगवलं त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं.

काही जण पटकन घेतात. पण पुष्कळदा असं होतं की माणूस रोप हातात धरून नुसताच उभा राहतो. ओठ हलतात, नाव बाहेर येत नाही. सोबतचे लोक चुळबुळ करतात, कुणीतरी विचारतं, काय झालं, आठवत नाही का?

नाना त्यांना गप्प राहायची खूण करतात. त्यांना ठाऊक असतं. आठवत नाही असं नसतं, एकदम फार जण आठवलेले असतात. ते म्हणतात, “सावकाश, बाबा. पहिलं येईल त्याच्यापासून सुरू कर. डोंगर मोठा हाय.”